एस.टी. कर्मचारी वेतनश्रेणी व विलीनीकरण वाद (२०२१–२०२४)

एस.टी. कर्मचारी वेतनश्रेणी व विलीनीकरण वाद हा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचे (एस.टी.) कर्मचारी, महामंडळ आणि महाराष्ट्र शासन यांच्यातील सेवाविषयक वाद होय. कर्मचाऱ्यांचा दर्जा कोणता असावा, त्यांना कोणती वेतनश्रेणी लागू व्हावी आणि गाड्या कोणाच्या मनुष्यबळावर चालाव्यात, हे या वादातील मुख्य प्रश्न होते. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेपाच महिने चालला. शासनात विलीनीकरणाची मागणी मान्य झाली नाही. वेतनाचा प्रश्न मात्र २०२१ आणि २०२४ अशा दोन टप्प्यांत बऱ्याच अंशी सुटला.

पार्श्वभूमी

राज्य परिवहन सेवेची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. पुढे मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० या केंद्रीय कायद्यान्वये स्वतंत्र महामंडळाची रचना झाली. या रचनेमुळे एस.टी.चा कर्मचारी सार्वजनिक सेवेत असूनही शासकीय कर्मचारी ठरत नाही. त्याचे वेतन वेतन आयोगाच्या शिफारशींनुसार ठरत नसून महामंडळ व मान्यताप्राप्त संघटना यांच्यातील करारानुसार ठरते आणि हा करार साधारणतः चार वर्षांसाठी असतो. निवृत्तीनंतर त्याला शासकीय निवृत्तिवेतनाऐवजी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ लागू होते.

राज्य कर्मचाऱ्यांच्या वेतनाशी असलेली तफावत वाढत गेली, तसा असंतोषही वाढला. सातव्या वेतन आयोगाच्या मागणीसाठी १७ ऑक्टोबर २०१७ पासून, ऐन दिवाळीत, चार दिवसांचा संप झाला व तो उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मिटला. जून २०१८ मध्ये शासनाने ४,८४९ कोटी रुपयांची वेतनवाढ जाहीर केली. परंतु ती अपुरी मानून कर्मचाऱ्यांनी पुन्हा काम थांबवले. वेतन कराराची मुदत ३१ मार्च २०२० रोजी संपली. त्याच सुमारास करोना साथीमुळे वाहतूक बंद पडली, तिकिटांचे उत्पन्न आटले आणि वेतन रखडू लागले.

संप

थकीत महागाई भत्ता व घरभाडे भत्ता यांसाठी संघटनांच्या कृती समितीने २७ ऑक्टोबर २०२१ रोजी उपोषण सुरू केले. दुसऱ्याच दिवशी २८ टक्के महागाई भत्ता देण्याचे मान्य होऊन समितीने आंदोलन मागे घेतले. तथापि अनेक आगारांतील कर्मचाऱ्यांनी संघटनांचा निर्णय स्वीकारला नाही आणि विलीनीकरणाची मागणी पुढे केली. २९ ऑक्टोबर रोजी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील शेवगाव आगारात एका चालकाने आत्महत्या केली. या घटनेने आंदोलनाची तीव्रता वाढली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राज्यातील सुमारे २५० आगारांचे कामकाज जवळजवळ पूर्णपणे थांबले. त्या वेळी महामंडळात ९० हजारांहून अधिक कर्मचारी होते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ८ नोव्हेंबर रोजी मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली विलीनीकरणाचा विचार करण्यासाठी तीन सदस्यांची समिती नेमली गेली. प्रशासनाने एकीकडे निलंबन व बडतर्फीची कारवाई केली, तर दुसरीकडे खासगी वाहनांना प्रवासी वाहतुकीची मुभा दिली. संपाची झळ ग्रामीण भागाला अधिक बसली. तालुक्याच्या गावी शिकायला जाणारे विद्यार्थी तसेच अहिल्यानगरलगतच्या नागापूरसारख्या औद्योगिक वसाहतीत कामाला येणारे गावोगावचे लोक यांना खासगी वाहनांचे भाडे मोजावे लागले. ग्रामीण विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेत शाळेपर्यंतचा प्रवास मोफत असतो. बसच नसल्याने त्या सवलतीचा उपयोग उरला नाही. मार्च २०२२ मध्ये दहावी व बारावीच्या परीक्षा सुरू झाल्या, तेव्हाही संप चालूच होता.

वेतनविषयक तोडगा

संप सुरू असतानाच २४ नोव्हेंबर २०२१ रोजी तत्कालीन परिवहनमंत्री अनिल परब यांनी मूळ वेतनात वाढ जाहीर केली. सेवेच्या पहिल्या दहा वर्षांतील कर्मचाऱ्यांना ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षे सेवा झालेल्यांना ४,००० रुपये आणि त्याहून अधिक सेवा झालेल्यांना २,५०० रुपये अशी ही वाढ होती. दरमहा १० तारखेच्या आत वेतन देण्याची हमी शासनाने घेतली.

नवीन कर्मचाऱ्याचे वेतन फारच तुटपुंजे असल्याने त्याला अधिक वाढ देण्यामागे उघड कारण होते. शासनाने दिलेल्या उदाहरणानुसार १२,०८० रुपये मूळ वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला भत्त्यांसह १७,३९५ रुपये मिळत. वाढीनंतर ती रक्कम २४,५९५ रुपये झाली. मात्र उलट्या क्रमाने दिलेल्या या वाढीमुळे ज्येष्ठ व कनिष्ठ यांच्या वेतनातील अंतर कमी झाले. वीस वर्षांहून अधिक काळ सेवा केलेल्यांच्या दृष्टीने तो सेवाज्येष्ठतेचा अवमान होता आणि त्यातून वेतनविसंगतीचा नवा वाद उभा राहिला.

३ सप्टेंबर २०२४ रोजी, गणेशोत्सवाच्या तोंडावर, पुन्हा संप सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यासोबत झालेल्या बैठकीत एप्रिल २०२० पासून सरसकट ६,५०० रुपये वाढ देण्याचे ठरले. पूर्वी मिळालेली वाढ त्यातून वजा धरण्यात आली. त्यामुळे ५,००० रुपये मिळालेल्यांना आणखी १,५०० रुपये, ४,००० रुपये मिळालेल्यांना २,५०० रुपये आणि २,५०० रुपये मिळालेल्यांना ४,००० रुपये मिळणार होते. वार्षिक वेतनवाढ बाजूला ठेवल्यास २०२१ मधील उदाहरणांना हे सूत्र पुढीलप्रमाणे लागू होते (मूळ वेतन, रुपयांत):

| सेवाकाल | मूळ वेतन, वाढीपूर्वी | २०२१ ची वाढ धरून | २०२४ चे सूत्र धरून |
|---|---|---|---|
| १ ते १० वर्षे | १२,०८० | १७,०८० | १८,५८० |
| १० ते २० वर्षे | १६,००० | २०,००० | २२,५०० |
| २० वर्षांहून अधिक | २६,००० | २८,५०० | ३२,५०० |

पहिल्या व तिसऱ्या गटातील अंतर आधी १३,९२० रुपये होते. २०२१ मध्ये ते ११,४२० रुपयांवर आले आणि २०२४ च्या सूत्राने पुन्हा १३,९२० रुपये झाले. म्हणजेच दुसऱ्या तोडग्याने पहिल्या तोडग्यात बिघडलेली वेतनाची उतरंड पूर्ववत केली.

विलीनीकरणाचा प्रश्न

त्रिसदस्यीय समितीचा अहवाल मार्च २०२२ मध्ये विधिमंडळात मांडण्यात आला. कायदेशीर रचना व आर्थिक भार लक्षात घेता विलीनीकरण शक्य नाही, असा निष्कर्ष समितीने काढला. शासनाने तो स्वीकारला. ७ एप्रिल २०२२ रोजी उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत रुजू होण्याची मुदत दिली. रुजू होणाऱ्यांची नोकरी जाणार नाही, अशी तजवीजही त्यात होती. त्यानंतर सेवा हळूहळू पूर्ववत झाली.

इतर राज्यांचा अनुभव या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. आंध्र प्रदेशाने स्वतंत्र कायदा करून १ जानेवारी २०२० पासून परिवहन महामंडळाचे कर्मचारी शासनाच्या सार्वजनिक वाहतूक विभागात सामावून घेतले. तेलंगणात २०१९ मध्ये ५२ दिवसांचा संप त्या मागणीविना मिटला. परंतु २०२३ मध्ये तेथील विधानसभेने तशाच स्वरूपाचे विधेयक संमत केले. यावरून विलीनीकरणाचा कायदेशीर मार्ग अस्तित्वात असल्याचे दिसते. तो स्वीकारावा की नाही, हा मुख्यतः राज्याच्या तिजोरीचा व धोरणाचा प्रश्न ठरतो.

मनुष्यबळाचा प्रश्न

संपकाळात महामंडळाने खासगी संस्थेमार्फत कंत्राटी चालक घेतले. संप मिटल्यानंतर काही आठवड्यांतच, १ जून २०२२ रोजी, पुणे–अहमदनगर या एस.टी.च्या मूळ मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरील बस सुरू झाली. पुढे महामंडळाने ५,१५० विद्युत बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला. अशा व्यवस्थेत गाडी व चालक कंत्राटदाराचे असतात आणि महामंडळ किलोमीटरप्रमाणे मोबदला देते.

यामुळे एकाच आगारातून, एकाच मार्गावर, सारखेच काम करणाऱ्या दोन चालकांची वेतनरचना वेगळी असू शकते. एकाचे वेतन करारातून ठरते, दुसऱ्याचे कंत्राटदाराकडून. किती पदे नियमित ठेवावयाची आणि कोणती कामे कंत्राटाने करून घ्यावयाची, याविषयी वेतनश्रेणीइतका स्पष्ट करार २०२१ वा २०२४ च्या तोडग्यात झालेला नाही.

मूल्यमापन

या वादात रुपयांत मोजता येणारे प्रश्न चर्चेने सुटले. महागाई भत्ता एका दिवसात मान्य झाला आणि २०२४ चा संपही दोन दिवसांत मिटला. दर्जाच्या प्रश्नावर मात्र साडेपाच महिने गेले, कारण त्यावर तडजोडीची मधली पायरी दोन्ही बाजूंना सापडली नाही. मान्यताप्राप्त संघटनांच्या हातून आंदोलन निसटल्याने चर्चा कोणाशी करावयाची, हाही प्रश्न शासनापुढे होता. तसेच श्रेणींमधील अंतराचा विचार न करता दिलेली वाढ अनेकांना दिलासा देऊनही नव्या वादाचे कारण ठरते, हे २०२१ च्या अनुभवातून दिसून आले.

२०२४ च्या निर्णयानंतर मागील फरकाची रक्कम हा कर्मचाऱ्यांच्या मागण्यांतील महत्त्वाचा विषय राहिला. नियमित व कंत्राटी मनुष्यबळाचे प्रमाण हा प्रश्नही शिल्लक आहे. विद्युत बसची संख्या वाढेल तसतसे पुढील वेतन करारांत त्याचे महत्त्व वाढण्याची शक्यता आहे.