झाकण अडकले, शोध थांबला नाही

६ जानेवारी २०२४ला मंगळावरच्या ‘पर्सिव्हरन्स’ रोव्हरवरील ‘शेरलॉक’ उपकरणाचे धूळरोधक झाकण अर्धवट उघडून अडकले. खडकांतील सेंद्रिय संयुगे हुडकणारा त्याचा लेझर वापरता येईना. तिथे पान्हा घेऊन जाणार कोण? पण नासाचे अभियंते हटले नाहीत. झाकणाची मोटर तापवली, यंत्रबाहू निरनिराळ्या कोनांत वळवला, ड्रिलचे हादरेही देऊन पाहिले. ३ मार्चच्या छायाचित्रांत झाकण पार बाजूला झालेले दिसले! तरी स्वयंचलित फोकस बंदच होता. मग त्यांनी विलक्षण चिकाटीने यंत्रबाहूच किंचित पुढेमागे सरकवत, खडकापासून साधारण ४० मिलिमीटर हे योग्य अंतर शोधले. १७ जूनला ‘शेरलॉक’ पुन्हा खडक तपासू लागला.