प्रवासविचार : अमेरिकेंत गेल्यावर कोणतें शहर पाहावें?

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत स्थायिक झालेली असते, नातवंडें तिकडेच जन्मलेलीं असतात, आणि "एकदां येऊन जा" हा आग्रह अखेर मान्य होऊन घरांतील वडील मंडळी निघण्याच्या तयारीस लागतात. मग आमच्याकडे विचारणा होते : "हातीं दिवस थोडे, न्यूयॉर्क पाहावें, कीं शिकागो, कीं सॅनफ्रान्सिस्को?" हा प्रश्न इतक्या वेळां आला आहे, कीं त्याचें उत्तर एकदांच सविस्तर देणें बरें.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. शहराची थोरवी निराळी आणि तेथें पाहुण्याची होणारी सोय निराळी. तरुण माणूस थोरवी पाहतो. सत्तरीच्या माणसास बसावयास जागा लागते.

थोरवीच्या बाबतींत न्यूयॉर्क सर्वांत पुढें. २०२० च्या शिरगणतींत तेथील वस्ती ८८ लाख भरली. १९३१ सालीं पुरी झालेली १०२ मजल्यांची एम्पायर स्टेट इमारत, १८८६ पासून बंदरांत उभी असलेली स्वातंत्र्यदेवता, भर वस्तींत राखून ठेवलेलें ८४३ एकरांचें सेंट्रल पार्क, यांची वर्णनें वाचकांनीं वाचलींच असतील. परंतु तेथील भुयारी रेल्वे १९०४ सालची. तिच्या पुष्कळ स्थानकांत अद्यापि लिफ्ट नाहीं. गुडघे दुखणार्‍या माणसास जिने चढतां-उतरतां शहराची सारी शोभा विसरावी लागते. उंच इमारतींच्या माथ्यावर जाण्याचें तिकीटही माणशीं बरेंच पडतें. उलट, स्टेटन बेटाकडे जाणारी नगरपालिकेची बोट १९९७ पासून विनामूल्य आहे. तिच्यांत निवांत बसून स्वातंत्र्यदेवता आणि इमारतींची रांग दोन्ही दिसतात. आमच्या घरच्या मंडळींस न्यूयॉर्कांत खरें सुख लागलें तें या बोटीवर.

सोयीच्या दृष्टीनें पाहिल्यास पहिला मान वॉशिंग्टनला द्यावा लागेल. इमारतींच्या उंचीस तेथें १९१० च्या कायद्यानें मर्यादा घातलेली असल्यामुळें राजधानी असूनही आकाश मोकळें दिसतें. कॅपिटॉलपासून लिंकन-स्मारकापर्यंत सुमारें दोन मैलांची हिरवळ पसरली आहे, आणि तिच्या दुतर्फा स्मिथसोनियन संस्थेचीं वस्तुसंग्रहालयें आहेत. त्यांना प्रवेशमूल्य नाहीं. ज्याच्या देणगींतून १८४६ सालीं ही संस्था निघाली, तो जेम्स स्मिथसन इंग्रज होता, आणि त्यानें अमेरिका कधीं पाहिलीही नव्हती! राइट बंधूंचें १९०३ चें विमान याच संस्थेच्या संग्रहांत आहे. मुलें तेथें रमलीं तर आजी-आजोबांनीं खुशाल बाकावर बसावें. तिकिटाचे पैसे फुकट गेले असें म्हणण्याचा प्रसंग येत नाहीं. सकाळीं अर्धें पाहून उरलेलें दुसर्‍या दिवशीं पाहिलें तरी चालतें.

शिकागो या दोहोंच्या मधलें. १८७१ च्या आगींत हें शहर होरपळलें, आणि त्या राखेंतूनच उंच इमारती बांधण्याची नवी विद्या वाढीस लागली. तेथील ११० मजल्यांच्या प्रसिद्ध मनोर्‍याची रचना करणारे स्थापत्यविशारद फझलूर रहमान खान हे मूळचे ढाक्याचे. नदींतून नावेनें हिंडत या इमारती पाहतां येतात, आणि समुद्रासारखें अफाट मिशिगन सरोवर अगदीं जवळ आहे. १८९३ सालीं स्वामी विवेकानंद ज्या इमारतींत बोलले, तेथें आज प्रख्यात चित्रसंग्रहालय आहे. मात्र हिवाळ्यांत तेथें जाऊं नये. थंडी हाडांत शिरते.

पश्चिम किनार्‍यावरील सॅनफ्रान्सिस्को सौंदर्यांत कोणासही हार जाणार नाहीं. १९३७ चा गोल्डन गेट पूल धुक्यांतून वर येतांना एकदां तरी पाहावा. गदर पक्षानेंही १९१३ सालीं आपलें ठाणें याच शहरांत केलें होतें. पण रस्ते टेकड्यांवरचे, आणि ऐन उन्हाळ्यांतही शाल लागते. लॉस एंजेलिस इतकें विखुरलेलें आहे, कीं मोटार चालविणारें घरचें माणूस सोबत नसेल तर त्याच्या वाटेस न जावें.

आतां जें लिहावयाचें तें थोडें संकोचाचें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही उभयतां आणि आमच्या वहिनी पुतण्याकडे गेलों होतों. दादांच्या मागें वहिनी प्रथमच घराबाहेर पडल्या होत्या. न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला जातांना दीड तासाच्या सुमारास गाडी एका स्थानकांत थांबली. वहिनींनीं पाटी वाचून विचारिलें, "भावोजी, फिलाडेल्फिया म्हणजे आनंदीबाई जोशी शिकल्या तेंच ना?" मीं होय म्हटलें. "मग आपण येथें उतरणार नाहीं?"

पुढच्या मुक्कामाचे पैसे भरलेले होते. "परततांना पाहूं," असें मीं सांगितलें. परंतु वॉशिंग्टनहून आम्ही विमानानें शिकागोस गेलों. वहिनींनीं तो विषय पुन्हा काढला नाहीं. पुढें दोन वर्षांनीं त्या निवर्तल्या. प्रवासाचा बेत घरांत महिनाभर चालला होता. हॉटेलें, भाडीं, जेवणाची सोय, सर्वांचा खल झाला, पण "तुम्हांला काय पाहावयाचें आहे?" असें वहिनींस कोणीं विचारिलें नव्हतें. मींही नाहीं.

११ मार्च १८८६ रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हां त्यांना एकविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढल्याच वर्षीं पुण्यास आनंदीबाईंचा अंत झाला. त्यांच्या अस्थी न्यूयॉर्कच्या उत्तरेस हडसन नदीकांठच्या पोकीप्सी गांवीं, त्यांना मुलीप्रमाणें वागविणार्‍या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमींत विसावल्या आहेत. तेथें न्यूयॉर्कहून आगगाडीनें सुमारें दोन तासांत जातां येतें. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा १७७६ चा जाहीरनामा ज्या सभागृहांत मंजूर झाला तेंही फिलाडेल्फियासच आहे. म्हणजे मुलांनाही तेथें पाहण्याजोगें पुष्कळ होतें.

तेव्हां आमचें उत्तर असें : घरांत मुलें व वृद्ध असतील तर वॉशिंग्टनला अधिक दिवस द्यावे, न्यूयॉर्कला थोडे, उन्हाळा असेल तर शिकागो जोडावें, पश्चिमेकडे दुसर्‍या खेपेस जावें. परंतु तिकिटें काढण्यापूर्वीं थोरवी आणि सोय यांच्या जोडीस मनाची ओढही विचारांत घ्यावी, आणि ती घरांतील सर्वांत कमी बोलणार्‍या माणसाला आधीं विचारावी.