उसनी गाणी

परवा कपाट आवरताना एमिलू हॅरिसच्या 'पीसेस ऑफ द स्काय'ची सीडी सापडली. बऱ्याच वर्षांपूर्वी दादाने दिलेली. तेव्हा एकदाच ऐकून मी त्याला सुनावलं होतं, "आवाज गोड आहे रे, पण सगळी दुसऱ्यांचीच गाणी!" दादा, वाचत असशील तर शब्द मागे घेते.

हा अल्बम फेब्रुवारी १९७५चा. तसा तिचा 'ग्लायडिंग बर्ड' १९६९मध्ये येऊन गेला होता, पण तो फारसा कुणी ऐकलाच नाही. त्यामुळे खरं पदार्पण हेच. गाणी दहा. त्यातली नऊ इतरांची : डॉली पार्टन, मर्ल हॅगार्ड, लूव्हिन बंधू, चक्क बीटल्ससुद्धा. दहावं 'बोल्डर टू बर्मिंगहॅम' तिने बिल डॅनॉफबरोबर लिहिलेलं. ग्रॅम पार्सन्स हा तिचा गुरू आणि गाण्यातला जोडीदार. तो सप्टेंबर १९७३मध्ये गेला, अवघ्या २६व्या वर्षी. त्याच्यासाठीचं हे गाणं.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. यावेळी माहीत होतं, आणि सगळा अल्बमच वेगळा ऐकू आला.

'स्लीपलेस नाइट्स' घ्या. गाणं ब्रायंट दांपत्याचं. एमिलूने ते ग्रॅमबरोबर आधीच ध्वनिमुद्रित केलं होतं. तो गेल्यावर तेच गाणं पुन्हा गायचं, तेही त्याच्या आवाजाशिवाय... मग ते उसनं कसं म्हणायचं? शब्द दुसऱ्याचे असतील, पण रिकामी जागा तिची स्वतःचीच आहे.

'कोट ऑफ मेनी कलर्स' ही तर डॉलीच्या बालपणाची गोष्ट. चिंध्या जोडून आईने शिवलेला कोट, आणि त्यावरून शाळेत झालेली चेष्टा. एमिलू मरीन अधिकाऱ्याची मुलगी, तिचं लहानपण असं नव्हतं. पण ती डॉली व्हायला जात नाही. आपल्याला आवडलेली गोष्ट जपून दुसऱ्याला सांगावी, तशी गाते. मला हेच फार आवडलं.

सगळंच जमलंय असं नाही हं. हॅगार्डचं 'द बॉटल लेट मी डाउन' मला अजूनही पटत नाही. दारूनेही दगा दिला म्हणणाऱ्या माणसाच्या आवाजात थोडी खरखर हवी. ही फारच स्वच्छ गाते.

पण मुद्दा असा की, स्वतः लिहिलं तरच ते मनातलं, हे खूळ माझ्या डोक्यात आलं कुठून? कॉलेजात डिलन वगैरे ऐकायला लागले तिथून असणार. नाहीतर आपल्याकडे शब्द सुरेश भटांचे, चाल हृदयनाथांची, आणि गाणं मात्र आपण 'लताचं' म्हणतो. त्यात कुणाला काही कमी वाटत नाही. घरच्या रेडिओवर हेच ऐकत वाढलेली मी, आणि बाहेरच्या गायिकेला मात्र वेगळा न्याय!

आणखी एक. आमच्या आत्याने आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. पण पोळ्या लाटताना ती जे गुणगुणायची, त्याला घरात सगळे 'आत्याची गाणी' म्हणायचे. ती गेल्यावर त्यातलं एक मूळ आवाजात रेडिओवर लागलं, तेव्हा मला ते चुकीचंच वाटलं. चाल बरोबर, शब्द बरोबर, पण आत्या श्वास घ्यायला थांबायची त्या जागी ही बाई थांबलीच नाही!

पुढे २०००मध्ये एमिलूने 'रेड डर्ट गर्ल' केला. त्यातली बहुतेक गाणी तिची स्वतःची. समीक्षकांनी वाखाणला, ग्रॅमीही मिळालं. अल्बम चांगलाच आहे. पण आता ही स्वतःचं बोलू लागली, असं मी म्हणणार नाही. ती पंचवीस वर्षं आधीही स्वतःचंच बोलत होती. माझंच लक्ष शब्द कुणाचे इकडे होतं.

असो. सीडीवर दोन ओरखडे आहेत, त्यामुळे शेवटचं गाणं अडकतं. दादा, तुझ्याकडे दुसरी प्रत असेल तर दिवाळीला येताना आण. यावेळी नीट ऐकून मगच बोलेन.