अंत्याचा ताळा

१६ या संख्येत तिच्या अंकांची बेरीज ७ मिळवली की २३ होतात. २३ मध्ये ५ मिळवले की २८. एकापासून आरंभ केल्यास १, २, ४, ८, १६, २३, २८, ३८, ४९ अशी ही माळ अखंड लांबत जाते. देवळालीस शालेय शिक्षक म्हणून आयुष्य वेचलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा (१९०५–१९८६) हा आवडता व्यासंग. पाटी-पेन्सिलीवर होणारे हे संशोधन १९७५ साली मार्टिन गार्डनर यांच्या लेखामुळे जगभर पोचले.

आज संगणकाच्या अभ्यासकांपुढे हाच खेळ निराळ्या रूपाने येतो. या माळेतील एकावर पंधरा शून्ये इतक्या क्रमांकाचे पद कोणते? या स्थानास भास्कराचार्यांनी लीलावतीत ‘अंत्य’ म्हटले आहे. सेकंदाला एक कोटी पावले टाकणाऱ्या यंत्रालाही तेथवर चालत जाण्यास तीन वर्षांहून अधिक काळ लागेल. यंत्र वेगवान म्हणून विचाराला रजा देणाऱ्याची येथे फजिती ठरलेली!

मग उपाय कोणता? संख्येचे दोन भाग करावेत. ५२००४ पासून ५२०१५, मग ५२०२८. ३४००४ पासून ३४०१५, मग ३४०२८. डावीकडील ५२ व ३४ या दोहोंची अंकबेरीज ७ आहे, म्हणून उजवीकडील तीन अंकांची वाटचाल तंतोतंत एकच. हातचा डावीकडे जाईपर्यंत ती बदलत नाही. तेव्हा किती पावलांनी हातचा गेला आणि मागे काय उरले, हे एकदाच टिपून ठेवावे. तशीच जोडी पुन्हा भेटली की सगळी पावले एका उडीत ओलांडावीत. तीन अंकांच्या नोंदींवरून सहा अंकांच्या, त्यांवरून नऊ अंकांच्या नोंदी सिद्ध होतात. सतरा आठ वेळा मिळवण्याऐवजी पाढा म्हणावा, तसेच हे. पाढे पाठ करून घेणाऱ्या जुन्या गुरुजींना हसणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे, असे आम्हांस वाटते.

उत्तराची पारख मात्र घरबसल्या करता येते. माळेतील पदांचा नवाचा ताळा १, २, ४, ८, ७, ५ असा सहा-सहांच्या फेऱ्यांनी फिरतो. म्हणून तिच्यात तिनाने भाग जाणारी संख्या कधीच येत नाही. दहा लाखावे पद ३,१०,५४,३१९ आहे. दहा लाखांना सहाने भागून बाकी ४ उरते, म्हणून ताळा फेरीतील चौथा, म्हणजे ८ हवा; अंकांची बेरीज २६, आणि दोन व सहा आठ. अंत्यालाही सहाने भागल्यास बाकी ४ च. यंत्राने दिलेल्या त्या लांबलचक पदाचा ताळा ८ येत नसेल, तर आज्ञावली पुन्हा तपासावयास बसावे.