शर्यतींवांचून ही जात बुडेल काय ?

२०१९ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकेंत आमच्या भाचीकडे राहण्याचा योग आला असतां तिनें आम्हांस डेलावेअर राज्यांतील समुद्रकांठच्या एका लहानशा गांवीं नेलें. तेथें शनिवार-रविवारीं ग्रेहाउंड कुत्रे पाळणाऱ्यांचा मेळा भरला होता. मेळ्याचें प्रवासवर्णन लिहावें असा आमचा हेतु नाहीं. तेथें ऐकलेल्या एका युक्तिवादाचा समाचार घ्यावयाचा आहे. परंतु ज्यानें हा कुत्रा पाहिला नाहीं त्यास त्या वादाचें मर्म कळणार नाहीं, म्हणून चार शब्द सांगणें प्राप्त आहे.

शेंकडों कुत्रे जमले होते, आणि भुंकणें जवळजवळ ऐकूंच येत नव्हतें. उंच पाय, खोल छाती, मुठींत मावेल अशी कमर, आणि डोळ्यांत एक प्रकारचा संकोच. यांच्या अंगावर चरबी नाहीं व केंस आंखूड, त्यामुळें समुद्रावरचा गार वारा त्यांस सोसत नाहीं; म्हणून बहुतेकांस लोकरीचे अंगरखे घातले होते. "माणसें उघडीं आणि कुत्र्यांस स्वेटर !" असा उद्गार आमच्या वाचकांपैकीं कोणी काढील हें आम्ही जाणतों. त्यांस इतकेंच उत्तर कीं, कुत्र्याचा स्वेटर काढून घेतल्यानें कोणा माणसास सदरा मिळाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

भाचीनें आपल्या कुत्र्याचा कान उलटून दाखविला. "मामा, हें वाचा," ती म्हणाली. आंत आंकडे व अक्षरें गोंदलेलीं होतीं. उजव्या कानांत जन्माचा महिना, वर्षाचा शेवटचा आंकडा आणि पिल्लाची खूण म्हणून एक अक्षर. डाव्या कानांत त्या वेताचा नोंदणी-क्रमांक. अमेरिकेंत शर्यतीसाठीं वाढविलेल्या कुत्र्याची खातेवही ही अशी त्याच्या कानांत असते. हा कुत्रा निवृत्त होऊन घरीं आला तेव्हां त्यास जिना चढतां येईना, कारण जिना त्यानें पाहिलाच नव्हता. काचेचें दार म्हणजे मोकळी वाट समजून तो त्यावर आदळला. ताशीं ६५ किलोमीटर वेगानें धांवणारें जनावर. पण पहिले कित्येक दिवस त्यास वरच्या मजल्यावर उचलून न्यावें लागे!

आदल्याच वर्षीं, नोव्हेंबर २०१८ मध्यें, फ्लोरिडाच्या मतदारांनीं शेंकडा ६९ मतांनीं तेराव्या घटनादुरुस्तीस संमति देऊन त्या राज्यांतील ह्या शर्यती २०२० अखेर बंद करण्याचें ठरविलें होतें. देशांतील १७ मैदानांपैकीं ११ त्या एका राज्यांत होतीं. मेळ्यांत जो तो त्याविषयींच बोलत होता. एका सद्गृहस्थांनीं भाषण केलें, त्याचा सारांश असा : शर्यती थांबल्या कीं पैदास थांबेल, पैदास थांबली कीं जात बुडेल, मग तुमच्या मांडीवर डोकें ठेवून निजणारा हा मित्र तुम्ही कोठून आणणार? टाळ्या पडल्या. टाळ्या वाजविणारांचे हात त्या कुत्र्यांच्या पाठीवरूनच उचललेले होते, आणि आमच्या खेदाचें कारण हेंच. जुगाऱ्यानें असें म्हटलें असतें तर आम्हीं लेखणी उचलली नसती.

यांत्रिक सशामागें कुत्रे धांवविण्याचें गोल मैदान ओवेन पॅट्रिक स्मिथ यानें कॅलिफोर्नियांतील एमरिव्हिल येथें काढलें तें १९१९ सालीं. त्यापूर्वीं ही जात काय आभाळांतून पडत होती ? दुसऱ्या शतकांत एरियन या ग्रीक ग्रंथकारानें नजरेनें शिकार धरणाऱ्या वेगवान कुत्र्यांवर ग्रंथ लिहिला, आणि असा कुत्रा माणसाजवळ निजवावा अशी शिफारसही त्यांत केली. त्या काळीं हे कुत्रे लाडासाठीं नव्हे, सशाच्या मागें सोडण्यासाठींच पाळीत, हें आम्हांस मान्य आहे. पण तिकिटाची खिडकी नसतांनाही हे कुत्रे होते, एवढें तरी त्यावरून सिद्ध होतें. घरचेंच उदाहरण घ्यावयाचें तर मुधोळकर घोरपड्यांनीं नांवारूपास आणलेला मुधोळचा कुत्रा पाहावा. तोहि ह्याच बांध्याचा. २००५ सालीं भारत सरकारनें त्याचें चित्र टपालाच्या तिकिटावर छापलें. त्याला जगविण्यास यांत्रिक ससा लागला नाहीं. संस्थानिकाची हौस आणि दख्खनच्या खेड्यांतील शिकारी व राखणदार पुरले.

आणि फ्लोरिडांतील मैदानें जातीचें रक्षण कसें करीत होतीं म्हणाल, तर तेथील कायद्यानें पत्त्यांचे अड्डे चालविण्याचा परवाना कुत्र्यांच्या शर्यतींशीं जखडून ठेवला होता. शर्यती लावल्या नाहींत तर पत्ते बंद ! म्हणून प्रेक्षकांची बांकें ओस पडलीं तरी कुत्रे धांवत राहिले. राज्याच्या नोंदींवरून सरासरी दर तीन दिवसांस एक कुत्रा त्या मैदानांवर मरत होता. घटनादुरुस्तीनंतर पत्ते राहिले आणि शर्यती गेल्या. यावरून कोणाला कोण हवें होतें हें उघड झालें.

एक गोष्ट मात्र प्रतिपक्षाची खरी आहे. हीं पिल्लें दीर्घकाळ भावंडांत वाढतात, लहानपणापासून अनेक माणसांचे हात त्यांस लागतात, आणि त्यांचा सौम्यपणा कांहीं अंशीं त्यामुळें येतो. मग तेवढें ठेवा ! भावंडांत वाढविण्यासाठीं पैजेची काय आवश्यकता ? निवृत्त कुत्रा घरीं आणणें ही दया आहे, आणि आम्ही तीपुढें नम्र आहों. पण तसा कुत्रा आपणांस मिळत राहावा म्हणून तो टाकून देणारा कारखाना चालू राहावा अशी इच्छा धरणें, ह्याला आमच्या भाषेंत दया म्हणत नाहींत. बुडत्यास तारणाऱ्यानें नदीला पूर यावा म्हणून नवस करावा तशांतला हा प्रकार आहे.

२०२२ अखेर अमेरिकेंत चालू मैदानें दोनच उरलीं, तीं पश्चिम व्हर्जिनियांत. त्यामुळें तेथील कांहीं मंडळ्या आतां आयर्लंड व ऑस्ट्रेलिया येथून निवृत्त कुत्रे विमानानें आणवितात. जे जिवंत आहेत त्यांस घर मिळावें, याविषयीं आमची तक्रार नाहीं. भाचीचा कुत्रा २०२३ च्या पावसाळ्यांत गेला. तिनें नवीन कुत्र्यासाठीं नांव नोंदविलें आहे. यादी लांब आहे, दोन वर्षेंहि लागतील असें तिला सांगण्यांत आलें. "थांबेन, मामा," एवढेंच तिनें आम्हांस कळविलें आहे.