पायगुण

'पायगुण' हा शब्द आपण घराघरातून हाकलून द्यायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. वाईट पायगुण तर हवाच, पण चांगलासुद्धा! यावर आमची काही नातेवाईक मंडळी नाराज होतील याची कल्पना आहे. होऊ देत.

लग्न होऊन सून घरात येते. सहा महिन्यांत सासऱ्यांना हार्ट अटॅक येतो, किंवा दुकानात खोट येते. लगेच कुजबुज सुरू... "पांढऱ्या पायाची आहे." तोंडावर कोणी म्हणत नाही, पण तिच्या कानावर जाईल एवढ्या आवाजात नक्की म्हणतात. पुरावा काय? तर आधी ती आली, मग हे झालं. बस्स, एवढाच! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, ही म्हण आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण स्वतःच्या दारातली फांदी मोडली की आपण कावळ्यालाच धरतो.

जरा हिशेब करून पाहू. मुलाचं लग्न होतं साधारण तिशीच्या आसपास. तेव्हा वडील असतात साठीच्या जवळ. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार डोकं वर काढतात ते याच सुमाराला. म्हणजे सून येणं आणि सासरे आजारी पडणं या दोन्हींच्या मागे वय उभं आहे. एकीमुळे दुसरी गोष्ट घडलेली नाही. शिवाय ज्या घरात सून आली आणि काहीच झालं नाही, किंवा सून आलीच नाही आणि तरी अटॅक आला, त्यांची नोंद कोण ठेवतं? आपण फक्त जमलेल्या जोड्या लक्षात ठेवतो.

चुकीचं कारण धरलं की काय होतं, ते मलेरियानं दाखवलंय. हा मूळचा इटालियन शब्द, अर्थ 'वाईट हवा'. दलदलीजवळ कुबट वास यायचा आणि तिथेच तापही यायचा, म्हणून लोकांनी शेकडो वर्षं हवेलाच दोषी धरलं. १८९७ साली सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी सापडले. वास आणि डास, दोन्ही त्याच साचलेल्या पाण्यातले! वासावर खटला चालू होता तोवर डास मोकळाच होता.

घरातही तेच होतं. सुनेच्या पायांकडे बघत बसलं, की सासऱ्यांची तंबाखू आणि न घेतलेल्या गोळ्या नजरेतून सुटतात. निरपराध मुलीला शिक्षा, आणि खरा गुन्हेगार मोकळा!

"पण चांगलं म्हटलं तर काय बिघडलं?" असं विचारणारे असतात. मुलाला प्रमोशन मिळालं, सून लक्ष्मीच्या पावलांनी आली हो! ऐकायला गोड आहे. पण त्या प्रमोशनमागे त्याची पाच-सहा वर्षांची नोकरी असते. आणि ज्या तराजूनं ती आज लक्ष्मी ठरली, त्याच तराजूनं उद्या अवदसा ठरणार. त्याची नोकरी गेली तर खापर तिच्याच माथी! म्हणून कौतुक करायचं तर तिच्या कामाचं करा, बुद्धीचं करा. पायांचं नको.

आणि गंमत बघा, जावयाचा पायगुण कधी ऐकलाय? मुलीच्या लग्नानंतर तिचे वडील आजारी पडले, तर आपण म्हणतो, "वय झालं हो त्यांचं." म्हणजे खरं कारण आपल्याला चांगलं माहीत असतं. ते कुणाच्या बाबतीत आठवायचं, एवढंच आपण आधी ठरवून ठेवलेलं असतं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी पायगुण काढला तर शांतपणे एवढंच विचारा, "ती आली नसती तर हे टळलं असतं का?" मी तर विचारणारच आहे. त्यामुळे येत्या लग्नसराईत आमंत्रणं कमी आली, तर त्याचं कारण शोधायला मला फार लांब जावं लागणार नाही!