नांदेड–संभाजीनगर : हवाई अंतर आणि वेळ

नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर या मराठवाड्यातील दोन विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे २१५ किलोमीटर, म्हणजे ११६ सागरी मैल आहे. हे अंतर दोन्ही ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून, पृथ्वीचा गोलाकार लक्षात घेऊन काढतात. रस्ता परभणी, जालना अशी गावे गाठत जातो, म्हणून तो अडीचशे किलोमीटरच्या पुढे भरतो. एटीआर-७२ जातीचे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडते. त्या हिशेबाने २६ मिनिटे पुरावीत. पण उंची गाठणे, खाली येणे आणि धावपट्टीच्या दिशेने वळणे यांत वेग कमी असतो, त्यामुळे प्रवास पाऊण तासाचा धरावा लागतो. हिवाळ्यात वरच्या थरांतील वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून संभाजीनगरकडे जाताना थोडा अधिक वेळ लागतो. वसमत तालुक्यातील हट्ट्याच्या प्रवाशाला मात्र नांदेडपर्यंतचा रस्ता आणि विमानतळावर आधी पोहोचण्याचा तास-दीड तासही मोजावा लागतो. एवढ्या जवळच्या अंतराला विमानाने फारसा वेळ वाचत नाही. मुंबई-दिल्लीसारख्या दूरच्या पल्ल्यालाच त्याचा खरा लाभ होतो.